‘आमच्यात नको हो हे’ : एका लसीचा आणि आपल्या गप्प बसण्याचा इतिहास



मागच्या वेळी चातुर्मासातल्या स्वयंपाकाबद्दल लिहिलं होतं, आणि पुढचा लेख दशलक्षण पर्वावर लिहीन असं कबूल केलं होतं. तो लिहायला बसलेही होते. पण आमच्या धायरीतल्या स्वाध्याय मंडळात एका तरुण आईने हळूच विचारलं, “ताई, ती मुलींना द्यायची कॅन्सरची लस असते ना, ती आपल्या डॉक्टरांनी कधी सांगितलीच नाही. मग घ्यायची नसेल ना?” तिथे बसलेल्या दहा-बाराजणींपैकी एकीलाही डॉक्टरांनी आपणहून सांगितलेलं नव्हतं. सगळ्यांच्या मुलींच्या बाकीच्या लसी मात्र तारखेबरहुकूम झालेल्या.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. पण ते देण्याआधी मला स्वतःची एक चूक सांगावी लागणार होती. ती तेव्हा चारचौघीत सांगता आली नाही, म्हणून आज इथे लिहिते आहे. आधी इतिहास सांगते, कारण त्याशिवाय ती चूक कळायची नाही. मी डॉक्टर नाही. वाचलेलं, विचारलेलं आणि घरात घडलेलं तेवढंच लिहिते.

सुरुवात माझ्या माहेरून, बार्शीहून करते. माझी थोरली काकू अत्यंत धार्मिक. पहाटे उठून अभिषेकाला मंदिरात जाणार, वर्षातून दोनदा तरी कुंथलगिरीला जाणार. १९९८ साली तिने अचानक मंदिरात जाणं थांबवलं. विचारलं की म्हणायची, “गुडघे धरलेत गं.” पाच-सहा महिने हे चाललं. खरी गोष्ट अशी होती की पाळी जाऊन चार वर्षं झाल्यावर तिला पुन्हा अंगावरून लाल जायला लागलं होतं. ‘अडचण’ असताना मंदिरात जायचं नाही, म्हणून ती जात नव्हती. आणि या वयात अडचण आली हे सांगायचं कुणाला, म्हणून गुडघ्याचं नाव. घरात चार बायका होतो आम्ही. कुणीही दोन आणि दोन जोडून पाहिले नाहीत. गावातल्या कॅन्सर हॉस्पिटलात नेलं तेव्हा गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर बराच पुढे गेलेला होता. शेक दिले, थोडा आराम पडला, पण पुढच्या वर्षी ती गेली. छप्पन्न वर्षांची होती.

तिच्या दहाव्याला जमलेल्या बायकांत एक वाक्य मी कानाने ऐकलं: “इतकी सोवळी बाई, तिला हा आजार कसा झाला?” मैत्रिणींनो, या एका वाक्यात या आजाराचं अर्धं दुखणं आहे. हा आजार म्हणजे वागण्यावरचा डाग, असं आपल्याकडे न बोलता धरलेलं आहे. हे कुठून आलं ते शोधताना मी थेट इटलीत पोहोचले.

व्हेरोना शहरात रिगोनी-स्टर्न नावाच्या डॉक्टरांनी १८४२ मध्ये एक हिशेब मांडला. १७६० ते १८३९ या काळातल्या मृत्यूंच्या नोंदी त्यांनी तपासल्या. त्यांना दिसलं की लग्न झालेल्या बायकांत गर्भाशयाचा कॅन्सर बराच होता, आणि मठात राहणाऱ्या ख्रिस्ती साध्वींमध्ये तो फारच कमी होता. स्तनाचा कॅन्सर उलट साध्वींमध्ये जास्त होता. यातून हळूहळू लक्षात आलं की या आजाराचा संबंध नवरा-बायकोच्या संबंधाशी आहे. पण नेमका कशाने होतो हे कळायला आणखी दीडशे-एक वर्षं गेली. जर्मनीतले हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ मध्ये ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा १६ नंबरचा प्रकार या गाठींमध्ये शोधला, आणि पाठोपाठ १८ नंबरचा. या दोन प्रकारांमुळेच जगातले साधारण ७० टक्के गर्भाशयमुखाचे कॅन्सर होतात. त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं.

आता हा विषाणू कसा पसरतो ते नीट समजून घ्या. तो त्वचेच्या जवळच्या संपर्कातून पसरतो, आणि इतका सर्रास आहे की संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो होऊन जातो. बहुतेकांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या बायकांत तो ठाण मांडून बसतो, आणि दहा-वीस वर्षांनी त्याचा कॅन्सर होऊ शकतो. म्हणजे एकाच पुरुषाबरोबर आयुष्य काढलेल्या, एकाशन-उपवास करणाऱ्या, कधी कुणाकडे मान वर करून न पाहिलेल्या बाईलाही तो होऊ शकतो. व्हेरोनाच्या हिशेबात साध्वींच्या समोरच्या रकान्यात ज्या होत्या, त्या वाईट चालीच्या नव्हत्या. त्या साध्या लग्न झालेल्या बायका होत्या. तुमच्या-माझ्यासारख्या, माझ्या काकूसारख्या.

काकू गेल्यावर मी बार्शीच्या त्या कामाबद्दल वाचायला लागले आणि थक्क झाले. आपल्या बार्शीत १९८७ पासून कॅन्सरची ग्रामीण नोंदवही चालते, देशातली पहिली. त्या नोंदींनी दाखवून दिलं की त्या भागातल्या बायकांत सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच आहे, आणि बायका येतात तेव्हा उशीर झालेला असतो. मग १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांत बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मोठी पाहणी केली. गावांचे ५२ गट, आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. काही गटांत विषाणूची चाचणी, काहींत पॅप स्मिअर, काहींत व्हिनेगरसारखं पातळ आम्ल लावून डोळ्यांनी तपासणी, आणि एका भागात नेहमीचीच आरोग्यसेवा. तो अहवाल २००९ मध्ये छापून आला. आयुष्यात एकदाच विषाणूची चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले होते, आणि काहीच तपासणी न झालेल्या गटात ६४. तपासणी न झालेल्या त्या बायकांबद्दल पुढे बरीच टीका झाली, आणि ती विचार करण्यासारखीच आहे. पण एक गोष्ट मला विशेष वाटते. ज्या भागात बायका ‘तिथलं’ नावही घेत नाहीत, तिथल्या हजारो बायका तपासणीला आल्या. का आल्या? आरोग्यसेविका प्रत्यक्ष भेटून त्यांच्याशी बोलल्या म्हणून. विषय लाजेचा होता, पण कुणीतरी तो काढला.

आनंदीबाई जोशींनी १८८३ मध्ये अमेरिकेला निघण्याआधी श्रीरामपूरच्या सभेत, म्हणजे बंगालमधल्या श्रीरामपूरला, हेच कारण सांगितलं होतं की इथल्या बायकांना बाई डॉक्टर हवी. पुरुष डॉक्टरपुढे बाई बोलत नाही आणि दुखणं अंगावर काढते. आता आपल्या सिंहगड रोडवर बाई डॉक्टर हव्या तितक्या आहेत. तरीही दुखणं अंगावर काढणं चालूच आहे. म्हणजे अडचण फक्त डॉक्टर पुरुष असण्याची नव्हती.

आता लसीकडे येते.

या विषाणूवरची पहिली लस २००६ मध्ये अमेरिकेत आली. आपल्याकडे २००८ मध्ये गार्डासिल आणि सर्व्हारिक्स या दोन परदेशी लसींना परवानगी मिळाली. तीन डोस लागायचे, आणि एकेका डोसाला हजारो रुपये. डॉक्टर साहजिकच सगळ्यांना सांगत नव्हते. ज्यांना परवडेल असं वाटे त्यांनाच सांगत.

मग २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात (तो आता तेलंगणात आहे) आणि गुजरातेतल्या वडोदऱ्यात, ‘पाथ’ या अमेरिकन संस्थेने राज्य सरकारांबरोबर १० ते १४ वयाच्या २३ हजारांहून अधिक मुलींना ही लस दिली. त्यांतल्या सात मुलींचे पुढे मृत्यू झाले. वर्तमानपत्रांत मोठा गदारोळ झाला, आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने काम थांबवलं. चौकशी समितीला त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. साप चावणं, बुडणं, विषारी औषध पोटात जाणं अशी कारणं त्यांत होती. पण चौकशीत दुसरी एक गोष्ट बाहेर आली, आणि तिथे चूक खरोखर झाली होती. आश्रमशाळांतल्या आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी, मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ मध्ये यावर कडक ताशेरे ओढले. तुम्हीच सांगा, आपल्या मुलीला कुणी आपल्याला न विचारता सुई टोचली तर आपण गप्प बसू का?

त्या गदारोळात आपल्या भागातलंही एक काम अडकलं, आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. लसीचे तीन डोस लागतात की दोन पुरतात हे पाहायला २००९ च्या सप्टेंबरात देशातल्या नऊ ठिकाणी अभ्यास सुरू झाला होता. त्या नऊत आपलं पुणे होतं, बार्शी होतं आणि मुंबईही होती. १० ते १८ वयाच्या वीस हजार अविवाहित मुली घ्यायच्या होत्या. एप्रिल २०१० मध्ये सरकारने अशा सगळ्याच अभ्यासांतलं लसीकरण थांबवलं, तेव्हा सतरा हजारांहून थोड्या जास्त मुलींना लस मिळाली होती. कुणाचे तीन डोस झाले होते, कुणाचे दोन. आणि ४,९५० मुलींचा एकच झाला होता, कारण पुढचा डोस द्यायला परवानगीच उरली नाही.

अर्धवट राहिलेलं काम आपण टाकून देतो. त्या लोकांनी ते टाकलं नाही. पुढची दहा-एक वर्षं ते त्या मुलींच्या संपर्कात राहिले. मुली मोठ्या झाल्या, त्यांची लग्नं झाली, बाळंतपणं झाली, आणि त्या तपासणीला येत राहिल्या. २०२१ मध्ये निकाल छापून आला. एकच डोस मिळालेल्या मुलींमध्येही १६ आणि १८ नंबरच्या विषाणूच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून ९५ टक्क्यांच्या वर संरक्षण होतं, दोन किंवा तीन डोस घेतलेल्यांइतकंच. या अभ्यासाचा आणि आफ्रिकेतल्या अभ्यासांचा आधार घेऊन जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं की ९ ते २० वयाच्या मुलींना एक डोसही चालेल. गरीब देशांना केवढा आधार झाला असेल याचा! आणि त्या ज्ञानात पुण्या-बार्शीच्या मुलींचा वाटा आहे. कदाचित तुमच्या नात्यातली एखादी त्यांत असेल आणि तिलाही ठाऊक नसेल.

पण २०१० नंतर आपल्या डॉक्टरांचं काय झालं? ते बोलायचे बंद झाले. बालरोगतज्ज्ञांच्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटना ही लस द्यावी असंच सांगत होत्या. तरी दवाखान्यात मात्र शब्द निघत नव्हता. भारतात डॉक्टरांना विचारून जे अभ्यास झाले त्यांत तीच ती कारणं येतात: किंमत फार, तेव्हा सरकारी कार्यक्रमात नव्हती, पेपरात वाईट छापून आलेलं, आणि आईवडिलांशी हा विषय कसा काढायचा याचा संकोच. डॉक्टरांना वाटतं, ‘चांगल्या घरातल्या’ आईला राग येईल. हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेतही असं आढळलं की आईवडील या लसीला जेवढं महत्त्व देतात त्याहून खूपच कमी देत असतील असं डॉक्टर धरून चालतात. मग बाकीच्या लसी ठामपणे सांगतात आणि ही एक शेवटी, ‘हवी तर बघा’ म्हणून. ‘हवी तर बघा’ असं डॉक्टर म्हणाले की आपण काय समजतो? नको, असंच.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामध्ये यावर एक साधा प्रयोग झाला, २०१७ मध्ये तो छापून आला. काही दवाखान्यांतल्या डॉक्टरांना शिकवलं की सरळ सांगा, ‘मुलगी आता या वयाची झाली, आज तिला या या लसी द्यायच्या आहेत,’ आणि प्रश्न आले की उत्तरं द्या. दुसऱ्या दवाखान्यांत आधी लांबलचक चर्चा करायला शिकवलं. जिथे साधं, सरळ सांगितलं तिथे सहा महिन्यांत लस घेणाऱ्यांचं प्रमाण पाच टक्क्यांहून अधिक वाढलं. लांब चर्चेने फरक पडला नाही. आपल्याच देशात सिक्कीमने २०१८ मध्ये आधी डॉक्टर, शिक्षक, पालक सगळ्यांशी बोलून मग शाळांतून लस दिली, आणि ९५ टक्क्यांहून जास्त मुलींनी घेतली. मुली त्याच, आयाही आपल्यासारख्याच. फक्त तिथे कुणीतरी नीट सांगितलं.

खम्ममला न विचारता टोचलं, तो अन्याय होता. पण डॉक्टरांना माहीत असून आपल्याला न सांगणं, हेही आपल्याला न विचारता आपल्या वतीने ठरवणंच झालं ना? फक्त त्यात सही कुणाचीच लागत नाही, म्हणून चौकशीही होत नाही.

आता माझी चूक सांगते.

२०२३ च्या सुरुवातीला पेपरात आलं की आपल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने या विषाणूवरची पहिली भारतीय लस, सर्व्हाव्हॅक, बाजारात आणली. परदेशी लसीपेक्षा किंमत कमी. धायरीतून तासा-दीड तासाच्या अंतरावर बनलेली लस! माझी धाकटी तेव्हा तेरा वर्षांची होती. मी तिला घेऊन आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेले. अतिशय सज्जन माणूस, माझ्या दोन्ही मुली त्यांच्या हातांखाली वाढल्या. तिला बाहेर बसवलं आणि जरा तक्रारीच्या सुरातच विचारलं, “डॉक्टर, परदेशी लस इतकी वर्षं होती म्हणे. तुम्ही कधी बोलला नाहीत.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ताई, बोललो होतो. थोरलीच्या वेळी. तुम्ही म्हणालात, ‘आमच्यात नको हो हे.’”

मला लख्ख आठवलं. २०१६ साल असेल. थोरली बारा वर्षांची. भिंतीवर त्या लसीचं पोस्टर होतं, त्यांनी त्याकडे बोट करून काहीतरी सांगायला सुरुवात केली होती. मी वाचलंही नाही. लैंगिक असा एक शब्द दिसला आणि मी हसून, मान हलवून म्हटलं, “आमच्यात नको हो हे. जैन घरातल्या मुली आमच्या.” जणू काही मी त्यांना मांसाहाराचं आमंत्रण नाकारत होते.

डॉक्टर म्हणाले, “तुमच्यासारख्या आणखी दोघी-तिघी रागावल्या होत्या. एका आजोबांनी तर दुसरा डॉक्टर धरला. मग मी ठरवलं, तुमच्या समाजात हा विषय आपण काढायचा नाही. कोणी विचारलं तर सांगायचं.”

मी विचारलं, “तुमच्या मुलीला दिलीत?”

“२०१४ ला,” ते म्हणाले.

मैत्रिणींनो, मला त्यांचा रागही आला आणि माझी लाजही वाटली. त्यांनी आपल्या लेकीला दिलं ते माझ्या लेकीपासून राखून ठेवलं. आणि तसं करायला मीच त्यांना शिकवलं होतं. माझ्या एका वाक्याची किंमत माझ्या एकटीच्या घराने दिली नाही. माझ्यानंतर त्या दवाखान्यात आलेल्या आपल्या किती मुली असतील, ज्यांच्या आयांना पोस्टरकडे बोटसुद्धा दाखवलं गेलं नाही! मी काकूसाठी रडले होते, आणि ज्या गप्पपणाने काकूला नेलं तोच मी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून आले होते.

मी त्यांना म्हटलं, “डॉक्टर, ती माझी चूक होती. पण यापुढे सगळ्यांना सांगा. रागावल्या तर रागावू देत. माझं नाव सांगा हवं तर.” ते हसले, पण पुढच्या वेळी गेले तेव्हा टेबलावर लसींचा छापील तक्ता होता आणि त्यात ही लस बाकीच्यांच्याच ओळीत होती.

धाकटीला सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस झाले, आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या वेळापत्रकाप्रमाणे. थोरली तोवर एकोणीसची झाली होती. पंधरा वर्षांनंतर त्या वेळापत्रकात तीन डोस असतात, ते तिने घेतले. तिच्याशी हे बोलणं मला धाकटीपेक्षा अवघड गेलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, “आई, मला बाराव्या वर्षीच मिळाली असती?” मी हो म्हटलं. काकूआजीची गोष्टही तेव्हा पहिल्यांदा पूर्ण सांगितली. तोवर घरात सगळ्यांना गुडघेच माहीत होते.

आता आपल्यातल्या बायका मला जो प्रश्न नक्की विचारतील, तो: या लसीत हिंसा आहे का? मी हे शोधलं. लसीत जिवंत विषाणू नसतो, मेलेलाही नसतो. विषाणूच्या बाहेरच्या कवचातलं एक प्रथिन तेवढं वेगळं बनवतात. आत काही नसतं, त्यामुळे त्याने आजार होऊच शकत नाही. गार्डासिल आणि सर्व्हाव्हॅकमधलं हे प्रथिन यीस्टमध्ये तयार करतात. सर्व्हारिक्सचं मात्र एका पतंगाच्या पेशींमध्ये तयार केलेलं असतं, हे मी लपवत नाही. यीस्टही जीवच, हे आपल्याला सांगायला नको. आणि औषधं सहसा प्राण्यांवर तपासूनच येतात, हेही खरं. पण आपण श्रावक आहोत, महाव्रती नाही. संकल्पी हिंसा सोडायची, आणि आरंभी, उद्योगी, विरोधी हिंसा विवेकाने कमीत कमी ठेवायची, असं आपल्याला शिकवलेलं आहे. पोलिओ आणि धनुर्वाताच्या वेळी आपण हाच विवेक वापरला. मग याच लसीच्या वेळी एकदम शंका का येते? माझ्यापुरतं मी प्रामाणिकपणे तपासलं. माझा अडथळा हिंसेचा नव्हताच, लाजेचा होता. हिंसेचं नाव मी नंतर दिलं असतं, काकूने गुडघ्याचं दिलं तसं. ज्यांना मनापासून शंका आहे त्यांनी आपल्या महाराजांना, माताजींना जरूर विचारावं. पण विचारावं; विचारायचंच टाळून ‘आमच्यात चालत नाही’ म्हणू नये.

आणि देशात २०२२ या एका वर्षात या आजाराच्या अंदाजे सव्वा लाखांहून अधिक नव्या रोगी झाल्या आणि ८० हजारांच्या आसपास बायका गेल्या, हेही त्या तराजूत ठेवावं. स्कॉटलंडमध्ये २०२४ मध्ये छापलेल्या पाहणीत, बाराव्या-तेराव्या वर्षी लस मिळालेल्या मुलींमध्ये या कॅन्सरची एकही केस सापडली नाही. एकही नाही.

व्यवहाराचं थोडं सांगून संपवते. ९ ते १४ हे लसीचं सगळ्यात चांगलं वय, कारण संसार सुरू होण्याच्या बऱ्याच आधी ती द्यायची असते. लहान वयात का, याचं उत्तर एवढंच. त्यात मुलीच्या वागण्याचा काही संबंध नाही. दंड दुखतो, कधी ताप येतो, काही मुलींना चक्कर येते, म्हणून पंधरा मिनिटं बसवून ठेवतात. तुमच्या मुलीला कुठली लस, किती डोस, सरकारी केंद्रात मिळेल का, हे डॉक्टरांना विचारा. त्यांनी नाही काढलं तर तुम्ही काढा: “हिची एचपीव्हीची लस राहिली आहे, कधी द्यायची?” एवढं एक वाक्य पुरतं. मुलग्यांनाही ही लस चालते, तेही विचारून घ्या. आणि तुम्ही-मी, ज्यांचं लसीचं वय गेलं, त्यांनी तिशीनंतर तपासणी करून घ्यायचीच. लस घेतलेल्या मुलींनीही पुढे ती करायची आहे. पाळी गेल्यावर लाल दिसलं, किंवा पाळी नसताना मध्येच दिसलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे. मंदिरात गेला नाहीत तर घरात खरं कारण सांगा.

स्वाध्यायातल्या त्या तरुण आईला मी त्या दिवशी फक्त “घ्यायची असते, आपण जाऊ” एवढंच म्हटलं होतं. परवा तिच्या मुलीला घेऊन आम्ही दोघी गेलो. आत गेल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली, मी बोलेन म्हणून. मी काही बोलले नाही. मग तिनेच विचारलं.

रोजच्या प्रतिक्रमणात कळत-नकळत घडलेल्या दोषांची आपण आलोचना करतो. २०१६ चा माझा हा दोष नकळत घडला असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. खरं तर मला पोस्टर वाचायचं नव्हतं, म्हणून मी ते वाचलं नाही. त्या दवाखान्यातून माझ्यामागून गेलेल्या ज्या आयांना मी ओळखतही नाही, त्यांची आज इथे क्षमा मागते.

उत्तम क्षमा. दशलक्षणाचा लेख पुढच्या वेळी नक्की.